एक ऑगस्टला बोट सुटते आणि नवऱ्याच्या डोक्यात शूं शूं

पत्र थोडक्यात असं. मालवण तालुक्यातली वाचक, वय ३४. नवरा ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, एकदा गेला की आठ-आठ दिवस दर्यात. शिमग्यात रात्री बाईक घसरली, हेल्मेट नव्हतं, कवटीच्या तळाला बारीक फ्रॅक्चर, चार दिवस ॲडमिट आणि घरी. महिन्याभराने उजवा डोळा लाल व्हायला लागला, मग पुढे आला, दोन-दोन दिसायला लागलं, आणि डोक्यात रात्रंदिवस शूं शूं आवाज. एका ठिकाणी डोळे आलेत म्हणून पाच आठवडे नुसते ड्रॉप्स चालले. शेवटी अँजिओग्राफी झाली आणि कॅरोटिड कॅव्हर्नस फिस्टुला असं नाव कळलं. एक डॉक्टर म्हणाले कव्हर्ड स्टेंट, दुसरे म्हणाले कॉइल. सासू म्हणते, "डोक्यात तार घालतत म्हणे, मगे माणूस उभो रवतलो काय?" मुंबईचा दीर म्हणतो स्टेंट लेटेस्ट आहे, तोच करा. सासऱ्यांना हार्टचा स्टेंट होता, ते तिसऱ्या दिवशी घरी आले, वर्षाच्या आत गोळ्या सोडल्या तरी त्यांना काही झालं नाही, म्हणजे हेही तसंच ना? नवरा म्हणतो, "माका काय्येक झाला नाय", सीझन होऊ दे, दिवाळीनंतर बघू. तिने विचारलंय, स्टेंट की कॉइल, आणि दिवाळीपर्यंत थांबलं तर चालेल का. ताजा कलम: तो अजून बाईक चालवतो, एक डोळा मिटून.

बाय माझे,

ताजा कलम वाचून कपाळावर हात मारला. त्याकडे शेवटी येते.

आधी माझं सांगते, मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं अँजिओच्या खोलीत सिस्टर होते, शिशाचा एप्रन अंगावर आणि पाय सुजलेले, असं आयुष्य गेलं. स्टेंट कसा बसवतात ते डोळ्यांनी बघितलंय, पण तुझ्या घोवाला कुठला बसवायचा ते त्याच्या अँजिओच्या फिल्म बघितलेल्या माणसानेच सांगायचं. तू त्या डॉक्टरांसमोर बसशील तेव्हा काय विचारायचं ते तुला ठाऊक असावं, एवढंच मी करू शकते.

आता हे नक्की झालंय काय ते आपल्या भाषेत. तुमच्याकडे खाडीच्या कडेला खारबांध असतो बघ, एका बाजूला भरतीचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला भातशेती. बांधाला भगदाड पडलं की भरतीचं पाणी जोरात शेतात घुसतं, शेत भरतं, मागच्या परसापर्यंत पाणी येतं. मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी आहे, कॅरोटिड, ती डोळ्याच्या मागे एका रक्ताने भरलेल्या पिशवीच्या आतून जाते. ही पिशवी म्हणजे शिरांचा भाग, तिथे रक्त कमी दाबाने वाहतं. धमनी अशी शिरेच्या पोटातून जाते ती शरीरात बहुधा ह्या एकाच जागी. कवटीचा तळ हादरला की नेमकी तिथेच धमनी फाटू शकते आणि जोराचं रक्त त्या पिशवीत घुसतं, ह्या भगदाडालाच फिस्टुला म्हणतात. तिथून त्याला वाट कुठे, तर उलटं डोळ्याकडे. म्हणून डोळा लाल, म्हणून सुजलेला, म्हणून पुढे आलेला, आणि म्हणून तो आवाज नाडीच्या ठेक्यावर येतो. डोळा हलवणाऱ्या नसा पण त्याच पिशवीतून जातात, त्यातली एक तर धमनीला अगदी खेटून, त्यामुळे दोन-दोन दिसतं. हे डोळे येणं नव्हतं कधीच, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला तसंच वाटतं, तेव्हा त्या ड्रॉप्सवाल्यांवर रागावण्यात आता वेळ घालवू नको.

तुझ्या पत्रात मला तीन गोष्टी धरून चालल्यासारख्या दिसल्या, तिन्हीवर मला शंका आहे.

पहिली, हार्टचा स्टेंट आणि हा स्टेंट एकच. नाही गो. हार्टचा नेहमीचा स्टेंट म्हणजे जाळी, बारीक झालेली नळी रुंद धरून ठेवायची म्हणून. त्या जाळीच्या भोकांतून रक्त आरपार जातं, तिथे त्याने काही बिघडत नाही. इथे भोकच बुजवायचंय, म्हणून जाळीवर पातळ पडदा चढवलेला असतो, टेफ्लॉनच्या जातीतला. त्यालाच कव्हर्ड म्हणतात. धमनीच्या आत तो फुग्याने फुलवला की आतून भिंतीला अस्तर लागतं, भगदाड बंद आणि धमनी चालू. सासूबाईंना सांग की डोकं उघडत नाहीत, जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी वर नेतात, आणि तार आत सोडून देत नाहीत, तार फक्त वाट दाखवायला असते, काम झालं की काढतात. राहतो तो स्टेंट, तो धमनीत राहतो, मेंदूत नाही. त्यांची भीती खोटी नाही हां, फक्त चुकीच्या जागी आहे.

दुसरी, दिराची, की लेटेस्ट म्हणजे चांगलं. ह्या दुखण्याला माणसं दोनशे वर्षं झगडतायत. १८०९ मध्ये लंडनच्या बेंजामिन ट्रॅव्हर्स नावाच्या सर्जनने अशा धडधडणाऱ्या डोळ्यासाठी मानेतली धमनीच बांधून टाकली होती. मग मॉस्कोच्या सर्बिनेन्को नावाच्या डॉक्टरांनी सुटणारे छोटे फुगे आणले, १९७४ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं, फुगा भगदाडातून पलीकडे नेऊन फुगवायचा आणि सोडून यायचं. मग कॉइल आली, प्लॅटिनमची केसासारखी वेटोळी, ती पिशवीत भरायची. म्हणजे शेताच्या बाजूने दगड टाकून भगदाड बुजवायचं, आणि कव्हर्ड स्टेंट म्हणजे खाडीच्या बाजूने बांधाला अस्तर लावायचं. दोन्हीने पाणी थांबतं. कुठे काय जमेल ते भगदाड केवढं आहे, कुठे आहे आणि धमनी किती वाकडी आहे त्यावर. मोठं भगदाड असेल तर कॉइल उलट धमनीत घसरून येण्याची भीती असते, म्हणून कधी धमनीत फुगा धरून ठेवतात तर कधी साधी जाळी लावून तिच्या आधाराने भरतात. खूप कॉइल भरली तर शेजारच्या त्या नसांवर दाब येऊन दोन-दोन दिसणं थोडे दिवस वाढूही शकतं.

आणि स्टेंटची अडचण काय, तर पडद्यामुळे तो ताठ असतो. धमनी त्या जागी एसच्या आकारात वळते, आंबोलीच्या घाटासारखी, तिथून ताठ वस्तू वर न्यायची म्हणजे लांब ट्रेलर घाटात घालण्यासारखं, कधी वळणार नाही तर नाहीच. नेला तरी भिंतीला नीट चिकटला नाही तर कडेने रक्त झिरपत राहतं, मग परत फुगवावा लागतो, कधी दुसरा स्टेंट लागतो. शिवाय पडद्याला आजूबाजूच्या फांद्या कळत नाहीत, जे समोर येईल ते झाकतो. डोळ्याची धमनी त्या पिशवीच्या अगदी पुढेच फुटते, भगदाड तिच्या जवळ असेल तर स्टेंटची लांबी दोन-तीन मिलिमीटरवर अडते. म्हणून एका डॉक्टरांनी स्टेंट आणि दुसऱ्यांनी कॉइल सांगितलं म्हणजे एक चुकतोय असं नाही, कदाचित दोघांनी वेगवेगळ्या कोनातून फिल्म बघितली किंवा प्रत्येकाने आपला हात ज्यात बसलाय ते सांगितलं. हाताला बसलेली गोष्ट करणं हे वाईट कारण नाही, मी तर म्हणेन चांगलं कारण आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. तू विचारतेस कुठलं चांगलं, पण तुझ्या घरात प्रश्न तो नाहीच. प्रश्न हा आहे की कुठलं झाल्यावर तो पुढचं वर्षभर कसा राहणार. सासऱ्यांचं उदाहरण इथे नको. ते गोळ्या सोडूनही वाचले हे त्यांचं नशीब, तो सल्ला नव्हे.

कव्हर्ड स्टेंट लागला की रक्ताला ती परकी वस्तू वाटते, त्यावर गुठळी धरू नये म्हणून दोन गोळ्या चालू होतात, ॲस्पिरिन आणि बहुतेक वेळा क्लोपिडोग्रेल. बसवायच्या आधी चालू करतात आणि नंतर काही महिने दोन्ही, मग एक बंद, दुसरी लांबपर्यंत, कधी कायमची. किती महिने ते डॉक्टर ठरवतील. पडद्यावर धमनीचं स्वतःचं अस्तर चढायला वेळ लागतो, तोवर गोळी चुकली तर गुठळी, आणि ही गुठळी कुठे, तर मेंदूकडे जाणाऱ्या रस्त्यात. हार्टमध्ये छातीत दुखून कळतं तरी, इथे अर्धं अंग जाऊन कळेल.

आता डोळ्यांसमोर आण. तांडेल आठ दिवस बाहेर, डबा घरून दिलेला, गोळ्या पिशवीत, पिशवी पाण्याने भिजली. किंवा वादळी लाटांत उलटी झाली, गोळी बाहेर पडली की पोटात राहिली कोणाला ठाऊक. जाळ्यातून शिंगाळा काढताना काटा घुसला, दोन गोळ्या चालू असताना रक्त लवकर थांबत नाही, किनारा दहा तास लांब. दाढ दुखली म्हणून बंदरावरच्या कोणीतरी ब्रुफेन दिली. ह्यातलं काहीही अशक्य नाही, तू मच्छीमाराची बायको आहेस, तुला मी काय सांगू. म्हणून डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांग, "हे तांडेल आहेत, आठ दिवस समुद्रात असतात, जखमा रोजच्या." बरेच पेशंट फक्त बिझनेस आहे किंवा नोकरी आहे एवढंच सांगतात आणि डॉक्टरांना हे कळतच नाही. कळलं तर कदाचित तेही म्हणतील की कॉइलने नुसतं भागत असेल तर गोळ्यांचं ओझं कमी, कॉइल बघूया. किंवा म्हणतील की नाही, तुमच्या भगदाडाला स्टेंटच बरा, पण इतके महिने किनाऱ्यावर राहायचं. मग ते खरं उत्तर असेल, तुमच्या माणसाचं.

किनाऱ्यावर राहायचं म्हणजे उपाशी नव्हे. जाळी शिवायला माणसं मिळत नाहीत म्हणून मालक लोक रडतायत, लिलावावर उभं राहायला शहाणा माणूस लागतो, किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या रापणीला गेला तर संध्याकाळी घरी तरी येतो. जड ओढायचं कधीपासून चालेल ते मात्र विचारूनच. मालकाकडून ॲडव्हान्स घेतला असेल तर आत्ताच जाऊन बोला, एक ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठते, मालकाला दुसरा तांडेल बघायला वेळ द्या. मला वाटतं "माका काय्येक झाला नाय" ह्याच्या आत हेच आहे. जागा जाईल, पुढच्या वर्षी बोट दुसऱ्याच्या हातात असेल. ऑपरेशनला तो घाबरला नसेल एवढा ह्याला घाबरलाय. विचारून बघ एकदा, सासू-दीर नसताना.

डॉक्टरांना आणखी विचारायचं ते सांगते, कागदावर लिहून ने, तिथे गेल्यावर डोकं चालत नाही. हा स्टेंट मुळात कुठल्या जागेसाठी बनवलाय? कारण मेंदूजवळच्या धमनीसाठी खास बनवलेला कव्हर्ड स्टेंट सगळीकडे मिळत नाही, चीनमध्ये तसा एक आहे, बाकी ठिकाणी पुष्कळदा हार्टसाठीचा कव्हर्ड स्टेंटच इथे वापरतात. तो वापरणं म्हणजे गुन्हा नाही, पण तुला माहीत असलेलं बरं. डोळ्याची धमनी झाकली जाणार का? आत गेल्यावर स्टेंट वळला नाही तर प्लॅन बी काय? कधी शेवटी ती धमनी कायमची बंद करायची वेळ येते, त्याच्या आधी फुग्याने थोडा वेळ बंद करून बघतात की दुसऱ्या बाजूने मेंदूला रक्त पुरतंय का, ती टेस्ट तुम्ही कराल का? अपघातात मेंदूत रक्तस्राव झाला होता का, आणि असेल तर आता रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालतील का? ह्यासाठी शिमग्यातला जुना सीटी स्कॅन घेऊन जा, रिपोर्ट नुसता नको, सीडी.

क्लोपिडोग्रेल लागू पडतंय की नाही ह्याची रक्ताची टेस्ट असते. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांच्या शरीरात हे औषध नीट कामाला लागत नाही, जन्मतःच तसं असतं, मग डॉक्टर औषध बदलतात. विचार नक्की. आणि पित्ताची गोळी चालू असेल तर नाव दाखव, ओमेप्राझोल त्या गोळीचं काम बिघडवतं, दुसरी देतात. दात काढायचाय, गळू फोडायचंय, काहीही असो, गोळ्या बंद करायचं फक्त स्टेंट बसवलेल्या डॉक्टरांनीच सांगायचं, बाकी कोणी नाही. काळी शी झाली तर लगेच दाखवायचं.

आता दिवाळी. माझं स्पष्ट मत, नाही. मार लागून झालेलं हे भगदाड आपोआप बुजणं फार क्वचित, आणि डोळा रोज त्या दाबाखाली आहे. डोळ्याच्या मागची नस दाबाने मेली की नंतर भगदाड कितीही छान बंद करा, गेलेली नजर परत येईल ह्याची खात्री नाही. दोन गोष्टी आजच विचारून घे, फोनवर विचारल्या तरी चालतील: डोळ्याचं प्रेशर वाढलेलं आहे का, आणि अँजिओमध्ये रक्त मेंदूच्या शिरांकडे उलटं जाताना दिसतंय का. ह्यातलं एक जरी "हो, आहे" असं आलं तर दिवाळी काय, नारळी पौर्णिमेचंही नाव काढू नको. तोवर घरात एक करा, भिंतीवरच्या कॅलेंडरपासून ठरलेल्या जागी उभं राहून रोज सकाळी डावा डोळा झाकून तारखा वाचायच्या. कालच्यापेक्षा आज धूसर तर बॅग भरायची. एकदम जोरात डोकं दुखलं, उलट्या, नाकातून धो धो रक्त, हातपाय लुळा, बोलणं अडखळलं, तर १०८.

सासूबाईंना देवाला कौल लावायचाय असं लिहिलंस. लावू दे. गाऱ्हाणं घालायला अर्धा तास लागतो, त्याच्यासाठी भांडण कशाला, फक्त गुरवाकडे जाताना "ऑपरेशन करायचं की नाही" असं विचारायचं नाही, "ऑपरेशन यशस्वी कर" असं मागायचं, हे त्यांच्याकडून आधी कबूल करून घे. माझ्या आईच्या वेळी मी हेच केलं होतं. प्रसाद उजवा मिळाला आणि सगळे झोपले.

कुठे जायचं, गोव्यातलं बांबोळी, कोल्हापूर की मुंबई, ह्यात मी पडत नाही. एकच माप लाव, तिथे न्यूरो इंटरव्हेन्शन, म्हणजे नळीतून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं काम करणारा डॉक्टर कायम असतो का आणि त्याने असे फिस्टुला आधी किती केलेत. हा प्रश्न विचारला म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. ऑपरेशननंतर पहिला महिना त्या गावापासून दोन-तीन तासांच्या आत राहता आलं तर बरं, पावसात घाट बंद पडतात हे तू जाणतेस.

पैशाचं. मंगळसूत्र काढायच्या आधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेट, योजनेतल्या हॉस्पिटलात त्याचं टेबल असतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. पण पॅकेजमध्ये स्टेंट किंवा कॉइलची किंमत धरलीय की ती वेगळी भरायची, हे लिहून घे, तोंडी नको, ह्या वस्तू महाग असतात आणि घोळ तिथेच होतो. मुंबईच्या मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलांत गरिबांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवायचा नियम आहे, तिथे सोशल वर्करला रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन भेटायचं. दिराला लेटेस्टची एवढी हौस आहे ना, त्याला ह्या रांगेत उभं कर.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी मधेच एक. पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी बायकांना मार वगैरे काही न लागता असाच लाल डोळा आणि कानात आवाज सुरू होतो. तो वेगळा प्रकार, तिथे मोठी धमनी फाटलेली नसते, मेंदूच्या आवरणातल्या बारीक बारीक फांद्या शिरेला जोडल्या जातात, जोर कमी असतो, काही वेळा आपोआपही बंद होतो. फांद्या पुष्कळ असल्याने तिथे कव्हर्ड स्टेंट सहसा उपयोगाचा नाही, शिरेच्या बाजूने जाऊन भरतात. तेव्हा शेजारणीचा स्टेंट बघून आपला मागायचा नाही. पण ड्रॉप्सने दोन आठवड्यांत न उतरणारा लाल डोळा, त्यात आवाज किंवा दोन-दोन दिसणं, हे असेल तर साध्या डॉक्टरांना एवढंच म्हणा, मिटलेल्या पापणीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐका. पुष्कळदा तिथेच ऐकू येतं.

झाल्यावर काय अपेक्षा ठेवायची तेही सांगते, नाहीतर आठव्या दिवशी तुझा फोन येईल की फसवलं. आवाज बहुतेक शुद्धीवर येताच गेलेला असतो, मी पेशंटांना डोळे उघडल्या उघडल्या "थांबला" म्हणताना ऐकलंय. लाली आणि सूज दिवसांत-आठवड्यांत. दोन-दोन दिसणं महिने घेतं, थोडं राहूही शकतं. आणि आवाज परत आला, अगदी बारीक का असेना, तर त्याच दिवशी कळवायचं, झिरपतंय असं समजायचं. काही महिन्यांनी परत अँजिओ होईल, ती चुकवायची नाही, तेव्हा बरं वाटत असतं म्हणून सगळे चुकवतात. स्टेंटचं कार्ड मिळेल, ते प्लॅस्टिकमध्ये घालून एक त्याच्या पाकिटात, एक फोटो तुझ्या मोबाईलमध्ये.

आणि बाईक. एक डोळा मिटला की अंतराचा अंदाज चुकतो, समोरचा डंपर किती लांब आहे ते कळत नाही, आणि नुसत्या धक्क्याने काय होतं ते तुमच्या घराने शिमग्यात बघितलंय. बंदरावर जायचं असेल तर मागे बसून जाऊ दे, हेल्मेट घालून. चावी आजपासून तांदळाच्या डब्यात, आणि डबा कुठला ते सासूबाईंनाही सांगू नको, लेकाने गोड बोलून मागितली की देतील.